बायको कॅनडात, फाइल ‘बाहेरची’: इनलँड टाकू की आउटलँड?

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभा होतो, तेवढ्यात एका मुलाने गाठलं. मूळचा सांगलीचा, टोरंटोजवळ मिसिसागाला नोकरी, पीआर म्हणजे कायमचा रहिवासी होऊन दोन वर्षं झालेली. फेब्रुवारीत गावी लग्न झालं होतं आणि जुलैत बायको व्हिजिटर व्हिसावर इकडे आली होती. “काका, स्पाउसची फाइल टाकायचीय. ती इथेच आहे, म्हणजे इनलँडच ना?” फाइल म्हणजे बायकोला पीआर मिळावं म्हणून करायचा अर्ज. मी तोंड उघडायच्या आत त्याच्या मागच्या दोघांनी उत्तर देऊन टाकलं. हो, इनलँडच. इथे असली की इनलँड, तिकडे असली की आउटलँड, त्यात विचारायचं काय?

मी त्याला म्हटलं, “डिसेंबरात तिच्या भावाचं लग्न आहे म्हणालास ना? मग घाई करू नकोस. रविवारी घरी ये.”

त्या रविवारी आम्ही दोन-तीन तास बसलो. तेव्हा जे बोलणं झालं तेच इथे लिहितोय, कारण हा प्रश्न वर्षातून पाच-सहा जण तरी विचारतात आणि प्रत्येकाला मंडळात कुणीतरी तेच ठरलेलं उत्तर दिलेलं असतं. मी वकील नाही, परवानाधारक कन्सल्टंटही नाही. कॅनडात पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायला तसा परवाना लागतो. मी दोनदा या रांगेतून गेलोय, एकदा स्वतःसाठी आणि एकदा भाच्यासाठी, एवढाच माझा अधिकार.

सुरुवात ‘कुठे दाखल करायची’ या शब्दांपासूनच करावी लागते. पूर्वी त्याचा अर्थ कुठल्या पत्त्यावर जाडजूड पाकीट पाठवायचं, असा होता. सप्टेंबर २०२२ पासून सगळं ऑनलाइन पोर्टलवर जातं, मग तुम्ही ब्रॅम्प्टनला बसून बटण दाबा नाहीतर बारामतीला. आता ‘कुठे’ म्हणजे कायद्यातल्या कोणत्या वर्गात. कॅनडाचा इमिग्रेशन कायदा जून २००२ पासून लागू आहे. त्याच्या नियमांत नवरा-बायकोसाठी दोन दारं आहेत. एक ‘फॅमिली क्लास’, ज्याला आपण आउटलँड म्हणतो. दुसरं ‘स्पाउस ऑर कॉमन-लॉ पार्टनर इन कॅनडा क्लास’, म्हणजे इनलँड.

खरी मेख इथे आहे. इनलँडसाठी अर्जदाराने कॅनडात, स्पॉन्सरबरोबर (म्हणजे त्याची हमी घेणाऱ्या जोडीदाराबरोबर) एका घरात राहणं सक्तीचं आहे. आउटलँडसाठी मात्र कॅनडाबाहेर असण्याची सक्ती कुठेच नाही. बायको मिसिसागाच्या त्याच फ्लॅटमध्ये, त्याच स्वयंपाकघरात पोहे परतत असताना तिची फाइल आउटलँड म्हणून जाऊ शकते. नावामुळे घोळ होतो. ‘आउट’ ऐकलं की माणसाला विमान दिसतं.

म्हणजे जी तिकडे आहे तिला एकच दार उघडं, आउटलँड. जी इथे आहे तिला दोन्ही उघडी. निवडायचा प्रश्न फक्त तिच्यापुढे आहे.

मग इतकी वर्षं सगळे इनलँड का टाकत होते? त्याला चांगलं कारण होतं. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारने प्रायोगिक तत्त्वावर इनलँड अर्जदारांना ओपन वर्क परमिट द्यायला सुरुवात केली. निकालाची वाट बघत असताना कुठल्याही कंपनीत नोकरी करता येऊ लागली. आउटलँडवाल्यांना ती सोय नव्हती. एका पगारात टोरंटोच्या आसपास भाडं भरणं काय असतं हे ज्याने भरलंय त्याला विचारा. परमिटपुढे बाकीचे तोटे कुणी बघितले नाहीत, आणि ते बरोबरही होतं.

मे २०२३ मध्ये ते बदललं. तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री शॉन फ्रेझर यांनी ही सवलत आउटलँडवाल्यांनाही दिली. अट अशी की अर्जदार कॅनडात, स्पॉन्सरच्याच पत्त्यावर राहत असावा, त्याचं तात्पुरतं स्टेटस, म्हणजे कॅनडात राहण्याची परवानगी, चालू असावं किंवा पुन्हा मिळवण्याच्या मुदतीत असावं, आणि पीआरच्या फाइलची पोच मिळालेली असावी. इनलँडच्या बाजूचं सगळ्यात वजनदार माप त्या दिवशी तराजूतून उतरलं. मंडळातला सल्ला मात्र अजून त्याच्या आधीच्या काळातला आहे.

सांगलीच्या मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे दोन्ही सारखंच झालं की!” नाही. परमिट सारखं झालं म्हणूनच आता बाकीचे फरक बघायला मोकळीक मिळाली.

पहिला फरक प्रवासाचा. इनलँडच्या फाइलमध्ये तुम्ही कॅनडात राहता हा पात्रतेचा भागच आहे. म्हणून कुणी बाहेर गेलं की फाइल आपोआप बंद होते, असं नाही. ही भीती बहुतेक अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून येते. तिकडे ग्रीन कार्डचा अर्ज आतून टाकला आणि आगाऊ परवानगी न घेता देश सोडला, तर सहसा अर्ज सोडून दिला असं धरतात. न्यू जर्सीच्या मावशीचा सल्ला प्रेमाचा असतो, पण कायदा तिच्या देशाचा असतो. कॅनडातला धोका वेगळा आहे. तुम्ही भारतात गेलात, आणि परत येताना विमानतळावर अडवलं, किंवा व्हिसा संपलेला आहे आणि नवा नाकारला, तर तुम्ही कॅनडात नाही. कॅनडात नाही म्हणजे इनलँडला पात्र नाही. फाइल तिथेच कोसळते. भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडात शिरायला प्रत्येक वेळी चालू व्हिसा लागतो, त्यामुळे ही भीती आपल्यासाठी पुस्तकी नाही. आजी आजारी पडते, वडिलांची अँजिओप्लास्टी निघते, भावाचं लग्न ठरतं. प्रश्न जाऊ की नको असा नसतोच, जावंच लागतं.

आउटलँडमध्ये तुम्ही बाहेर अडकलात तर चिडचीड होईल, विरह होईल, पण फाइल चालत राहील. ती मुळात तुम्ही कुठे आहात यावर टांगलेलीच नाही.

एकत्र राहण्याचंही तसंच. नवरा टोरंटोत आणि बायको हॅलिफॅक्सला कॉलेजात, किंवा नवरा अल्बर्टात तेलाच्या कामावर आणि घरी महिन्यातून दहा दिवस, अशी कितीतरी घरं आहेत. लग्न खरंच असतं, पण ‘एका पत्त्यावर राहतो’ हे इनलँडमध्ये फाइल टाकल्यापासून निकालापर्यंत दाखवावं लागतं. विवाहित जोडप्याला आउटलँडमध्ये ही अट नाही. वर्क परमिट हवं असेल तर मात्र पत्ता एक लागतो, तेवढं लक्षात ठेवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचा फरक. फाइल टाकताना कुणाला त्याबद्दल बोलायचं नसतं, कारण अपशकुन वाटतो. नकार आला तर?

आउटलँड नाकारली गेली तर स्पॉन्सरला अपील करता येतं, इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डाच्या अपील विभागाकडे, नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत. हे अपील म्हणजे जवळजवळ नव्याने सुनावणी. नवरा साक्ष देतो, बायको देऊ शकते, नकारानंतरच्या काळातले पुरावे मांडता येतात, हवा असेल तर मराठी दुभाषी मागता येतो. ऑफिसरने कागदावर बघून ‘हे लग्न खरं वाटत नाही’ म्हटलेलं असतं. इथे एक माणूस तुमचं तोंडावर ऐकून घेतो.

इनलँडला हे अपीलच नाही. उरतं फेडरल कोर्ट. तिथे आधी खटला ऐकण्याची परवानगी मागावी लागते, तीही निर्णय कळल्यापासून १५ दिवसांत. आणि कोर्ट तुमचं लग्न खरं की खोटं हे ठरवत नाही. ऑफिसरच्या हातात तेव्हा जे कागद होते त्यावरून त्याचा निर्णय वाजवी होता का, एवढंच बघतं. नवे फोटो, नवं बाळ, एकत्र घेतलेलं घर, काही उपयोगी पडत नाही. जिंकलात तरी बक्षीस काय, तर फाइल दुसऱ्या ऑफिसरकडे पुन्हा बघायला जाते. इनलँडचा नकार आल्यावर नव्याने फाइल टाकता येते हे खरं, पण पैसे पुन्हा आणि रांगही पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या भाच्याच्या वेळी आम्ही हे न बघता इनलँड टाकली होती. मंजूर झाली म्हणून सुटलो. ती नाकारली गेली असती तर दार एकच आणि तेही अरुंद, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून मी विचारणाऱ्याला आधी हेच सांगतो.

अपीलाच्या हक्काला जोडूनच एक बारीक गोष्ट, जी भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. स्पॉन्सरच्या फॉर्ममध्ये, आयएमएम १३४४ मध्ये, एक साधा प्रश्न आहे: तुम्ही स्पॉन्सर म्हणून अपात्र ठरलात तर अर्ज मागे घ्यायचा, की पुढे चालवायचा? लोक ‘मागे घ्या’ निवडतात, कारण मग स्पॉन्सरची फी सोडून बाकीचे पैसे परत येतात. दिसायला शहाणपणाचं. पण अर्ज मागे घेतला म्हणजे नकार झालाच नाही, आणि नकार नाही तर अपील कशावर करणार? सांगलीच्या मुलाने हा चौकोन न वाचताच टिक केला होता. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला तेव्हा मी फक्त त्या ओळीवर बोट ठेवलं.

वेळेचं म्हणाल तर डिसेंबर २०१६ मध्ये सरकारने दोन्ही प्रकारांसाठी बारा महिन्यांचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं. उद्दिष्ट ते उद्दिष्ट. २०२५ मध्ये क्यूबेकबाहेरच्या इनलँड फायलींना आउटलँडपेक्षा बराच जास्त वेळ लागत होता. हे आकडे हलते असतात, सरकारी संकेतस्थळावर चालू कालावधी दिसतो. शेजाऱ्याची फाइल सात महिन्यांत झाली याचा तुमच्या फाइलशी काही संबंध नसतो.

आउटलँडच्या बाजूला काहीच दोष नाही असं नाही. मुलाखतीला बोलावलं तर ती कॅनडाबाहेर, आपल्या बाबतीत दिल्लीला होऊ शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन देशांचं बिनसलं, कॅनडाने भारतातून ४१ मुत्सद्दी परत बोलावले आणि मुंबई, चंडीगड, बंगळूरच्या वाणिज्य दूतावासांतली प्रत्यक्ष सेवा थांबली. बायोमेट्रिक्ससारखी कामं व्हिसा अर्ज केंद्रांत चालूच राहिली, पण त्या काळात ज्यांच्या फायली दिल्लीत होत्या त्यांचा जीव टांगणीला लागला होता. एरवी बहुतेक साध्या फायलींना मुलाखत लागत नाही. पण ज्याला एकदा बाहेर गेलं की परत येता येणारच नाही, त्याच्यासाठी ही छोटी शक्यताही मोठी आहे.

तिथून इनलँडच्या खऱ्या गिऱ्हाइकाकडे येऊ.

इनलँड कुणासाठी आहे? ज्याचं स्टेटस संपलंय त्याच्यासाठी. स्टडी परमिट संपलं, पुन्हा मिळवण्याची ९० दिवसांची मुदतही उलटली, मधल्या काळात दोन पैशांसाठी रोखीने कुठेतरी काम केलं, आणि दरम्यान एका कॅनेडियन मुलीशी खरोखरच लग्न झालं, अशी माणसं आपल्यातही आहेत. लोक लाजेने बोलत नाहीत. फेब्रुवारी २००५ पासून सरकारचं एक धोरण आहे. नवरा-बायकोचं नातं खरं असेल आणि ते एकत्र राहत असतील, तर मुदत उलटून राहणं, परवानगीशिवाय काम करणं, व्हिसाशिवाय आत येणं, अशा ‘स्टेटस नसण्याच्या’ चुका इनलँड फाइलपुरत्या पोटात घातल्या जातात. आउटलँडला ही माफी नाही. शिवाय माफी गुन्ह्याला नाही, खोट्या माहितीला नाही, आणि एकदा देशाबाहेर काढल्यावर परवानगी न घेता परत आलेल्यालाही नाही. वर्क परमिटसाठीही अशा अर्जदाराला जास्त थांबावं लागतं. तरीही त्याच्यासाठी इनलँड हाच रस्ता, आणि त्याने ती फाइल चालू असताना कॅनडाची हद्द ओलांडायची नाही, नायगारा बघायला गेला तरी पुलाच्या अलीकडे थांबायचं. अशा माणसाने मात्र मंडळातल्या काकांना विचारत न बसता वकिलाची फी भरावी. ती वसूल होते.

उलट गोष्ट स्पॉन्सरची. बायको कुठे आहे याचा विचार सगळे करतात, नवरा कुठे आहे याचा कुणी करत नाही. स्पॉन्सर जर कॅनडाचा नागरिक असेल तर तो पुण्यात राहूनही आउटलँड फाइल टाकू शकतो, बायकोला पीआर मिळाल्यावर कॅनडात राहायला येणार हे पटवून द्यावं लागतं, म्हणजे नोकरीची बोलणी, भाड्याचं घर, मुलांच्या शाळेची चौकशी असलं काहीतरी. पण स्पॉन्सर फक्त पीआर असेल तर त्याने कॅनडातच राहायला हवं. नवी नवरी सोडवत नाही, कंपनी घरून काम करू देते, म्हणून बाणेरच्या फ्लॅटवर बसून आठ महिने काम केलेली मुलं मी पाहिलीत. महिनाभराची सुट्टी वेगळी. मुक्कामच हलवला तर स्पॉन्सर अपात्र ठरू शकतो, आणि मग इनलँड-आउटलँड हा वादच उरत नाही.

आणखी एक जागा अशी आहे जिथे दोन्ही दारं एकदम बंद होतात. पीआरची मंजुरी हातात आलेली, विमानाचं तिकीट काढायचं बाकी, आणि घरचे म्हणतात, “जायच्या आधी निदान रजिस्टर तरी करून जा.” मुलगा कोर्ट मॅरेज करतो, मोठं लग्न पुढच्या वर्षी ठरतं, आणि टोरंटोला उतरताना विचारतात, तुमच्या कुटुंबात काही बदल? तो म्हणतो नाही. त्याच्या मनात लग्न अजून झालेलंच नसतं, बोहल्यावर कुठे उभा राहिलाय? पण कायद्याच्या नजरेत तो त्या दिवशी विवाहित होता आणि बायकोचं नाव फाइलमध्ये नव्हतं. नियमांतलं ११७(९)(ड) हे कलम अशा बायकोला फॅमिली क्लासमधून वगळतं, इनलँडच्या वर्गातही तशीच तरतूद आहे. अपील विभागही इथे दयामाया दाखवू शकत नाही, कारण ती त्या वर्गातच बसत नाही. मधल्या काळात काही सवलती आल्या, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. लँडिंगच्या आधी सही झाली असेल तर आधी कळवा, मग विमानात बसा. गोव्यातल्या वाचकांनी इथे जास्त जपून असावं. तिथे विवाह नोंदणी दोन टप्प्यांत होते, आधी इच्छेची घोषणा आणि नंतर निबंधकासमोर पक्की सही. चर्च किंवा मांडवातला दिवस निराळा. घरात जी तारीख सगळे ‘लग्नाचा वाढदिवस’ म्हणतात ती आणि दाखल्यावरची तारीख वेगळी असू शकते. फॉर्ममध्ये दोन्ही स्पष्ट लिहायच्या.

क्यूबेकबद्दल दोनच वाक्यं, कारण तिकडे आपली घरं कमी. मॉन्ट्रियलला राहणाऱ्या स्पॉन्सरला प्रांताचीही वेगळी मंजुरी लागते, आणि प्रांताने जून २०२४ पासून दोन वर्षांसाठी एकूण १३,००० कुटुंब अर्जांचीच मर्यादा घातली होती, त्यामुळे तिथे आधी प्रांताची खिडकी उघडी आहे का ते बघावं लागतं.

बाकी कागदपत्रं दोन्ही दारांना जवळपास सारखीच. उत्पन्नाची किमान अट नवरा-बायकोसाठी सहसा नसते, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. स्पॉन्सर सरकारी मदतीवर, अपंगत्व सोडून, नसावा, दिवाळखोर नसावा, एवढं. मात्र बायकोला पीआर मिळाल्यापासून तीन वर्षं तिच्या मूलभूत गरजांची हमी त्याने घेतलेली असते, घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही. आणि जो स्वतःच नवरा किंवा बायको म्हणून स्पॉन्सर होऊन आलाय त्याला पीआर झाल्यापासून पाच वर्षं दुसऱ्या जोडीदाराला आणता येत नाही. एप्रिल २०२४ च्या दराने सगळी फी मिळून १,२०५ डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे ८५. फी दर दोन वर्षांनी वाढते, म्हणून भरताना ताजा आकडा बघायचा.

कागदांत आपली माणसं नेमकी दोन ठिकाणी अडखळतात.

एक नावात. मुलीचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, मधलं नाव वडिलांचं. लग्नाच्या दाखल्यावर मधे नवऱ्याचं नाव, आडनाव सासरचं. कुठे तर तांदळाच्या ताटात अंगठीने पहिलं नावही बदललेलं, आणि लग्नपत्रिकेवर घरातलं लाडकं तिसरंच. सांगलीला कुणाला यात काही खटकत नाही. ओटावातल्या ऑफिसरला मात्र या चार वेगवेगळ्या बायका दिसतात. अर्ज पासपोर्टवरच्या नावाने करायचा, आणि ‘इतर नावं’ या रकान्यात बाकीची सगळी लिहायची, तांदळातलंसुद्धा. फाइल घाईने पुढे जावी म्हणून पासपोर्टावरचं नाव बदलायला काढू नये, त्यात आणखी दोन महिने जातात.

दुसरं, नातं खरं आहे हे दाखवण्यात. आयएमएम ५५३२ या फॉर्ममध्ये कसे भेटलात, कुणी ओळख करून दिली, लग्नाला कोण होतं, हे सगळं विचारतात. ठरवून केलेल्या लग्नाचा ऑफिसरला त्रास नसतो, त्याने आयुष्यात हजारो बघितलेली असतात. त्याला खटकतं ते रीतीपासून विनाकारण फुटलेलं काही. आईवडील हयात असून लग्नाला का नाहीत? पन्नास माणसांच्या घरात फोटोत चारच का? खरं कारण असेल तर लिहा. मुलगी आधीच्या लग्नातली घटस्फोटित होती म्हणून साधंच केलं, आजोबा नुकतेच गेले होते म्हणून मांडव घातला नाही, हे चालतं. कांदेपोह्यांपासून मध्यस्थ मावशीपर्यंत जे झालं ते सरळ लिहा. सुरुवातीला एकमेकांना आवडलो नाही, दुसऱ्यांदा भेटलो तेव्हा जमलं, असं लिहिलेलं मी वाचलंय, आणि ती फाइल झाली.

व्हॉट्सॲपवरचं बोलणं द्यायचं तर इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नसलेल्या प्रत्येक पानाचा भाषांतरकाराकडून अनुवाद लागतो. घरातल्या माणसाने केलेला चालत नाही. म्हणून चारशे पानांचं ‘जेवलीस का’ आणि ‘झोपलास का’ देऊ नये. महिन्याला एखादं पान, ज्यात काहीतरी घडलंय, पुरतं. लग्नाचा दाखला ग्रामपंचायतीतून फक्त मराठीत आला असेल तर त्याचंही भाषांतर. टोरंटोत लग्नाच्या दाखल्याचं भाषांतर करून घ्यायला गेलो तेव्हा भाषांतरकार बाईंनी ‘ग्रामसेवक’ या शब्दापाशी थांबून मला विचारलं होतं, याचं काय लिहू? आम्ही शेवटी गावाच्या पंचायतीचे सचिव असं लिहिलं, आणि शेजारी मूळ शब्द ठेवला.

सांगलीच्या मुलाने काय केलं? आउटलँड टाकली, सप्टेंबरच्या शेवटी. बायकोचं स्टेटस जानेवारीपर्यंत होतं, व्हिसा अनेक वेळा येण्याजाण्याचा आणि पासपोर्टच्या मुदतीपर्यंतचा. त्यामुळे मी सुचवलं की वर्क परमिट लग्नाहून परतल्यावर टाक, नाहीतर ती तिकडे असताना परमिटचा निकाल लागला तर उगाच गुंता. त्याने ऐकलं. नोव्हेंबरात पोच आली. फोटोंसाठी मात्र एक पूर्ण शनिवार गेला, कारण फोटोग्राफरने सतराशे पाठवले होते आणि निवडायचे होते वीस. हळदीचा एक, सप्तपदीचा एक, वरातीत नाचणारे मामा नको, सासूसासरे दोघंही ज्यात आहेत तो हवाच, आणि लग्नानंतरचेही काही.

डिसेंबरात ती भावाच्या लग्नाला गेली. तो इकडेच राहिला, सुट्टी नव्हती. परत येताना टोरंटोच्या विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, किती दिवस राहणार? तिला मी एकच सांगून ठेवलं होतं, की काहीही लपवू नकोस, ‘फिरायला आलेय’ वगैरे तर मुळीच म्हणू नकोस. खोटं बोलल्याचं ठरलं तर पाच वर्षांची बंदी लागते. आणि कायद्यातच मान्य आहे की माणूस तात्पुरता येऊ शकतो आणि कायमचं राहण्यासाठी अर्जही करू शकतो, दोन्ही एकाच वेळी. तिने सांगितलं, नवरा पीआर आहे, फाइल टाकलीय, ही पोच. त्याने कागद वाचला, पासपोर्ट उलटसुलट केला आणि सहा महिने दिले. पुढच्या सोमवारी वर्क परमिटचा अर्ज गेला.